एक तरी गोल

सहावा गोल झाला तेव्हा आमचा गोलकीपर भैरू यानं जाळीतला चेंडू काढून मध्यभागी फेकला नाही. काखेत धरून तो सरळ माझ्याकडे आला. मी मैदानाच्या कडेला चुन्याच्या फक्कीची बादली उपडी घालून तिच्यावर बसलो होतो.

"मामा," तो म्हणाला, "गावाकडं मी ओढ्याला जाळं लावून बसायचो. दिवसभर बसलो तरी एवढं मासं कधी घावलं न्हाईत."

रेफ्रीनं शिट्टी मारली आणि बोट दाखवून त्याला परत हाकललं. तो गेला. जाताना हसत होता, पण चेंडू काखेतून सोडत नव्हता.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मैदानाचं काम बघत होतो. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, सामन्याच्या दिवशी पहाटे फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. त्या वर्षी कॉलेजांचे आपसातले सगळे सामने आमच्याच मैदानावर होते, म्हणजे आमची अब्रू आमच्याच अंगणात जात होती. सहा सामने झाले आणि सहाही आम्ही हरलो. अंगावर अठ्ठावीस गोल पडले होते. आपण केलेला गोल एकही नव्हता.

त्या दिवशी सामना बघायला प्राचार्य आले होते. सामना संपल्यावर त्यांनी कुरणे सरांना खुर्चीजवळ बोलावलं. कुरणे सर म्हणजे आमचे खेळाचे सर. मी जवळच जाळी सोडत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. प्राचार्य रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले की परीक्षेसाठी मोठा हॉल हवा आहे, जागा मिळत नाही, आणि संचालक मंडळ दोन वर्षं या मैदानाकडे बोट दाखवतंय. हरण्याचं त्यांना काही वाटत नाही. पण सबंध हंगामात ज्या संघाला एक गोल करता येत नाही, त्याच्यासाठी मंडळापुढे भांडायचं कोणत्या तोंडानं?

"शनिवारी शेवटचा सामना आहे," ते म्हणाले. "एक तरी गोल दाखवा, कुरणे. नाहीतर फुटबॉल बंद करू."

फुटबॉल बंद म्हणजे मैदान बंद, आणि मैदान बंद म्हणजे मी. पण खरं सांगतो, त्या घडीला मला माझी नोकरी आठवली नाही. मला आठवला जयवंत. जयवंत माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. शिकायला म्हणून माझ्याकडे राहिला होता, आणि संघात डावीकडून खेळत होता. त्याच्यामुळे मी सगळ्या पोरांचा मामा.

आता आमच्या गावच्या फुटबॉलची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे फुटबॉल तालमीचा असतो. प्रत्येक पेठेची, गल्लीची तालीम असते, तिथं कुस्तीचा आखाडा असतो आणि तिचाच फुटबॉलचा संघही असतो. पोरगं चालायला लागलं की ते कुठल्या तालमीचं हे ठरलेलं असतं. आमच्या भागात दोन तालमी होत्या. एक वरच्या गल्लीची, एक खालच्या. मी खालच्या तालमीचा. दोघांची स्टेडियमवर गाठ पडली की भागातली दुकानं दुपारीच बंद व्हायची. तालमी आपली चांगली पोरं कॉलेजला देत नसत, उगाच हातपाय मोडून घेतील म्हणून. उरलेली द्यायच्या. आमच्या कॉलेजच्या संघात चार पोरं वरची होती, चार खालची, आणि भैरूसकट तीन हॉस्टेलची.

तिसरा सामना हरल्यावर कुरणे सरांनी मला एक काम सांगितलं होतं. म्हणाले, केरबा, मी ओरडण्यात असतो, मला काही दिसत नाही. तू निवांत बसलेला असतोस. कोण कुणाला चेंडू देतो एवढं टिपून ठेव. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी शिकलो, ते पुढं. सरांना तसं म्हणायची लाज वाटली म्हणून हो म्हणालो, आणि स्टोअरमधला एक काळा पत्रा काढला. त्याच्यावर चुन्याच्या खड्यानं अकरा खुणा काढल्या, ज्याची जी जागा तिथं. भैरूला मासा, तो सारखा ओढ्याच्या गोष्टी सांगायचा म्हणून. जयवंतला विळा. वरच्या गल्लीचा इलाही मध्ये पुढं खेळायचा, त्याचा बाप पतंग करायचा, म्हणून त्याला पतंग. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे नीट पोचला की दोघांच्या मध्ये एक रेघ.

चौथ्या सामन्याला पत्रा भरला. मी तो स्टोअरमध्ये नेऊन भिंतीकडे तोंड करून उभा केला. पाचव्या सामन्याला दुसरा पत्रा घेतला, तोही तसाच ठेवला. सरांनी विचारलं की सांगायचो, अजून नीट जमलं नाही सर.

सहाव्या सामन्यानंतर सोमवारी सर जाळ्या मोजायला स्टोअरमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते पत्रा घेऊनच. माझ्याकडे एकदा पाहिलं. पोरं सरावाला जमली तेव्हा त्यांनी पत्रा नळाच्या कट्ट्यावर टेकवला आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"हा तुमचा खेळ," सर म्हणाले. "केरबानं काढलाय. वाचा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मासा कुणाचा हे भैरूनं ओळखलं आणि सगळे हसले. मग एकेक खूण ज्याची त्यानं ओळखली. इलाहीला पतंग आवडला. सरांनी भैरूला पुढं बोलावलं, म्हणाले विळ्यावर बोट ठेव, आणि रेघेवरून बोट न उचलता पतंगावर जा.

भैरूनं विळ्यावर बोट ठेवलं. एक रेघ धरली, ती खालच्याच गल्लीच्या पोरावर गेली. तिथून दुसरी धरली, तीही खालच्याच. मग मागं येत येत त्याचं बोट माशावर आलं. माशावरून पुढं निघालं आणि वरच्या पोरांतून फिरत पतंगावर पोचलं. त्यानं पुन्हा विळ्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच झालं.

"सर," तो म्हणाला, "ह्याच्याकडनं त्याच्याकडं जायचं तर माझ्या घरावरनंच जावं लागतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. पत्र्यावर दोन गठ्ठे दिसत होते. डावीकडचा खालच्या गल्लीचा, उजवीकडचा वरच्या. मध्ये काळा पत्रा तसाच कोरा होता. त्या कोऱ्या जागेतूनच सहाही संघ आत घुसले होते.

सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मग इलाही उठला. तो पोरगा सरळ होता. म्हणाला की त्यांच्या तालमीच्या हरी वस्तादांनी. वस्तादांनी सांगितलं होतं, कॉलेजकडनं खेळा, पण खालच्यांना चेंडू द्यायचा न्हाई. आज त्यांच्या पायाला सवय लावाल तर उद्या स्टेडियमवर तुमचाच चेंडू चोरतील.

आता सगळ्यांनी खालच्या पोरांकडे पाहिलं. जयवंत मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता.

"आम्हाला कुणी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "आमचं आम्हीच ठरवलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अठरा वर्षांचा पोरगा, मोठ्या माणसासारखा खोटं बोलला. मी नळाजवळ रबरी पाइप गुंडाळत होतो. तो तसाच गुंडाळत राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. सरांनी त्याला दोन शब्द सुनावले असते, संघातून काढलंही असतं, आणि तो गप्प राहिला असता.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

संघाच्या यादीत जयवंतचं नाव लागलं त्या दिवशी तो पळत घरी आला होता. बहीण गावाहून आली होती, तिनं शिरा केला होता. मी त्याला समोर बसवलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. माझा उजवा घोटा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. अकरा वर्षांपूर्वी तालमींच्या फायनलला हरी वस्तादाची लाथ बसली होती, त्यानंतर मी कधी खेळलो नाही. त्याचा पुढचा खेळ मैदानात, माझा मैदानाच्या कडेला. त्या दिवसापासून आमच्यात बोलणं नव्हतं. मी जयवंतला म्हणालो होतो, ह्यो पाय बघ. ह्यो वरच्यांनी मोडलाय. कॉलेजचा शर्ट घाल न्हाईतर राजाचा घाल, ह्या घरचा चेंडू त्यांच्या पायाला लागता कामा न्हाई. पोरानं माझ्या घोट्याला हात लावला आणि हो म्हणाला. शिरा तसाच ताटात होता.

हे सगळं मी त्या पोरांपुढं सांगितलं. एवढं सलग मी तोवर कुणापुढं बोललो नव्हतो.

सर म्हणाले, "केरबा, रेघा ओढताना तुला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं की सर. म्हणून तर पत्रा भिंतीकडं केला."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पोरांना पळायला पाठवलं.

त्या संध्याकाळी जयवंतनं घरी भाकरी खाल्ली, पुस्तक उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "मामा, मी शपथेगत पाळलं. चारचौघात हसं करून घेतलं, पण पाळलं. आता मोडू कशी?"

"मी घातली, मीच मोडतो," मी म्हणालो. "तू फक्त खेळ."

पण बोलून मोडत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सरांनी नियम केला की एका गल्लीच्या पोरानं दुसऱ्या गल्लीच्याच पोराला चेंडू द्यायचा. पोरांनी दिले, पण सगळे चुकले. एकाच्या मागं गेला, एकाच्या डोक्यावरून गेला. त्यांनी एकमेकांचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. समोरासमोर मारामारी करण्यापुरता पाहिला होता. वरचे म्हणायला लागले खालचे मुद्दाम चुकवतात, खालचे म्हणायला लागले वरच्यांना घेताच येत नाही. बुधवारी दोघांनी शर्टाला हात घातला, भैरूनं मध्ये पडून सोडवलं.

सबंध हंगाम कडेला बसून प्रत्येकाचे पाय पाहिले होते ते फक्त मी. वरच्यांचे तर जास्तच पाहिले होते, कारण वैऱ्यावर डोळा ठेवायची सवय. सराव चालू असताना मी कधी आत जात नसे, पण गुरुवारी लंगडत मैदानात गेलो. जयवंतला म्हणालो, "इलाहीच्या पायात देऊ नको. तो थांबून घेत न्हाई, पळत घेतो. त्याच्या पुढं दोन पावलं टाक."

खालची चारही पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग मी इलाहीकडे वळलो. त्याला सांगितलं की जयवंत चेंडू सोडायच्या आधी एकदा खाली मान घालतो. मान खाली गेली की तू निघ, वर यायची वाट बघू नको.

"मामा," जयवंत हळूच म्हणाला, "हे त्याला कशाला सांगितलंस? उद्या स्टेडियमवर..."

"उद्याचं उद्या," मी म्हणालो. "तू दे."

त्यानं मान खाली घातली. इलाही निघाला. चेंडू त्याच्या पुढं दोन पावलं पडला. इलाहीला इतकं नवल वाटलं की त्यानं तो मारायचाच सोडला आणि नुसता मागं वळून बघत उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत खालच्या गल्लीत बातमी पोचली होती. रस्त्यानं जाताना तालमीच्या कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं की केरबा वरच्यांना आपली पोरं विकतोय. मी ऐकलं आणि पुढं गेलो. वरच्या गल्लीत तर हरी वस्ताद म्हणे पोरांवर इतके तापले की त्यांना दोन दिवस आखाड्यात पाय ठेवू नका म्हणाले.

शनिवारी पहाटे मी रेघा ओढल्या. दुपारी कधी नव्हे एवढी माणसं आली. कॉलेजची पोरं आली होती टवाळीला. आमच्या गल्लीची आली ती पूर्वेला उभी राहिली, वरच्या गल्लीची पश्चिमेला. त्यांच्यात हरी वस्ताद होते. धोतर, पांढरी बंडी, हात पाठीमागं. आपल्याच पोरांचं ते वाटोळं बघायला आले असावेत असं मला वाटलं. प्राचार्य सावलीला खुर्चीवर बसले.

समोरचा संघ त्या वर्षीचा पहिल्या नंबरचा. विसाव्या मिनिटाला त्यांनी पहिला गोल केला, हाफटाइमच्या आधी दुसरा. मागून आवाज आला की जाळ्यात मासं लागलं बघा; भैरूचं बोलणं एव्हाना कॉलेजभर झालं होतं. पण आज एक वेगळं होतं. चेंडू डावीकडून उजवीकडे जात होता. पोचत होताच असं नाही, पण जात होता, आणि चुकला तरी कुणी कमरेवर हात ठेवून उभा राहत नव्हता. आज मी पत्रा आणला नव्हता. नुसता बघत होतो.

हाफटाइमनंतर एकदा इलाहीनं गोलासमोरून मारला, तो वरून गेला. एकदा जयवंतनं कॉर्नर मारला, त्यांच्या गोलकीपरनं हवेत धरला. वेळ सरत चालला. दहा मिनिटं राहिली तेव्हा प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि चष्मा डबीत ठेवला.

तेवढ्यात डावीकडे जयवंतला चेंडू मिळाला. अंगावर दोघं आले. सहा सामन्यांची सवय अशी की तो मागं वळला, भैरूकडे द्यायला. भैरूनं तिकडून दोन्ही हात हलवून त्याला पुढं जायला सांगितलं, माझ्या घरावरनं नको म्हणून. जयवंत परत वळला. मध्ये इलाही होता, पण हात वर करून मागत नव्हता. खालच्यांकडं मागायची त्याला सवय नव्हती. तो फक्त जयवंतकडे बघत होता.

जयवंतची मान खाली गेली.

इलाही निघाला. चेंडू दोघांच्या मधून निघाला, आणि पळत्या पायापुढं दोन पावलं येऊन पडला. इलाहीनं थांबवला नाही. होता तसा मारला. चेंडू खांबाला आतल्या बाजूनं लागला आणि जाळीत गेला.

गोल झाला तर काय करायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. धावफलकावरच्या शिपायाला आमच्या बाजूची शून्याची पाटी निघेना. सहा सामने ती कुणी हलवली नव्हती, पावसानं फुगून खिळ्यात रुतली होती. त्यानं ती पायानं ठोकून काढली. तिकडे जयवंत आणि इलाही समोरासमोर उभे राहिले होते. मिठी मारावी की नाही हे दोघांना कळत नव्हतं. मग आपला गोल सोडून सबंध मैदान पळत आलेला भैरू दोघांच्या अंगावर पडला आणि तिघंही मातीत गेले. त्यांच्यावर बाकीचे. वरचा कोण आणि खालचा कोण ते ढिगाऱ्यातून दिसत नव्हतं.

मग कडेचे लोक ओरडायला लागले. पूर्वेकडचे ओरडले, पश्चिमेकडचेही ओरडले. एका गोलाला दोन्हीकडून ओरडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

भैरू परत पोचला तो धापा टाकतच, आणि त्याच धापेत त्याच्या अंगावर तिसरा गोल पडला. तीन एकनं आम्ही हरलो. शिट्टी झाली तेव्हा आमच्या पोरांनी इलाहीला खांद्यावर घेतलं, आणि जिंकलेला संघ पाण्याचे तांबे हातात धरून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्यांच्या कप्तानानं मला विचारलं की हे हरलेत हे यांना माहीत आहे ना. मी म्हणालो, सांगितलंय.

प्राचार्य उठले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला होता.

"कुरणे, गोल झाला," ते म्हणाले.

"झाला, सर."

"मंडळाची सभा बुधवारी आहे. पुढच्या वर्षीची नावं त्याआधी माझ्या टेबलावर द्या." आणि ते चालायला लागले. चार पावलं जाऊन वळले आणि विचारलं, "तो चेंडू दिला कुणी?"

"जयवंतनं. आमच्या केरबाचा भाचा."

गर्दी पांगली. मी खांबांची जाळी सोडायला घेतली. कुणीतरी मैदानातून सरळ माझ्याकडे चालत येत होतं, रेघा तुडवत. मान वर केली तर हरी वस्ताद. अकरा वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना पाहिलं नव्हतं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी जाळी सोडत राहिलो. त्यांनी जाळीचं दुसरं टोक धरलं आणि तेही सोडायला लागले. माझ्या पायाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा गाठीकडे.

"दुखतो?" त्यांनी विचारलं.

"थंडीत."

गाठ घट्ट होती. ती त्यांनी नखानं सोडवली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी चेंडूवर मारली न्हवती. पायावरच मारली होती. मला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं," मी म्हणालो.

जाळी खाली आली. आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली. ते माफी मागतील असं मला वाटलं नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. त्यांनी घडी माझ्या हातात दिली आणि बंडीला हात पुसले.

"पुढच्या वर्षी उरलीसुरली पोरं पाठवणार न्हाई," ते म्हणाले. "आमची चांगली सहा पाठवतो. बघू मग कोण हरवतंय."

"आमची पण सहा येतील."

"सहा."

"वस्ताद, सहा आणि सहा बारा होतात. आणि गोलात भैरूच राहणार, तो हॉस्टेलचा."

हरी वस्तादांनी बोटांवर मोजलं. मिशीतल्या मिशीत हसल्यासारखे वाटले.

"मग निवड करताना भांडू," ते म्हणाले.

"भांडू की," मी म्हणालो.